खाकीचं टेन्शन कुणी घ्यायचं?

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस, दुपारचे दोन. शेवटचे मोठे गणपती समुद्रात गेले होते आणि आमचा दिग्या दादरच्या टपरीवर कटिंग घेऊन बसला होता. दिग्या म्हणजे शाळेतला आमचा बॅकबेंचर, आता पीएसआय. (नाव बदललंय आणि त्याला विचारूनच लिहितोय.) सलग तीस तासांचा बंदोबस्त करून आलेला. बूट काढलेले, पाय सुजलेले.

‘अरे, घरी जाऊन झोप ना,’ मी म्हटलं.

‘झोप येत नाही रे. जूनपासून नीट येतच नाहीये.’

जूनमध्ये समुद्रात बुडालेल्या एका मुलाचा पंचनामा त्यानं केला होता. मुलगा नऊ वर्षांचा. दिग्याची मुलगीही नऊ वर्षांची. एवढंच बोलला आणि त्यानं दुसरा कटिंग मागवला.

‘कुणाशी बोललास का?’

‘कुणाशी बोलू? बायको घाबरते. साहेबांना सांगितलं तर म्हणतील, याला झेपत नाही, टाका साइड ब्रँचला.’

मग त्यानं शिबिराचा किस्सा सांगितला. स्ट्रेस मॅनेजमेंटचं शिबिर! हॉलमध्ये दीडशे पोलिस, स्टेजवर पाहुणे आणि पहिल्या रांगेत सगळे साहेब. पाहुण्यांनी विचारलं, ‘ज्यांना ताण जाणवतो त्यांनी हात वर करा.’ एकही हात वर गेला नाही. मग सगळ्यांनी दीर्घ श्वास घेतला, केळं-बिस्किट खाल्लं, ग्रुप फोटो काढला आणि जो तो पुन्हा ड्यूटीवर!

मी हसलो, दिग्याही हसला. पण रात्री घरी आल्यावर माझंच मला ऑकवर्ड झालं. कारण माझ्या ऑफिसच्या स्वाइप कार्डामागे एक हेल्पलाइन नंबर छापलाय. काउन्सेलरशी बोला, पैसे कंपनी भरणार, एचआरला कळणारही नाही. आणि माझं टेन्शन काय, तर सोमवारचं प्रेझेंटेशन!

आता थोडे आकडे, कंटाळू नका. ‘कॉमन कॉज’ आणि ‘सीएसडीएस-लोकनीती’ यांनी देशभरातल्या सुमारे १२ हजार पोलिसांशी बोलून २०१९ मध्ये एक अहवाल काढला. सरासरी ड्यूटी १४ तास. दोघांपैकी एकाला साप्ताहिक सुट्टी नाही. कामाच्या बोज्याचा तब्येतीवर आणि मनावर परिणाम होतो, असं चारपैकी तिघांनी सांगितलं. म्हणजे हॉलमध्ये वर न गेलेले हात कागदावर मात्र गेले. फरक एवढाच, की इथं साहेब पहिल्या रांगेत नव्हते.

एडिसनच्या माझ्या मामेबहिणीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘अरे, आमच्या न्यू जर्सीत पोलिसांसाठी वेगळी हेल्पलाइन आहे, कॉप-टू-कॉप.’ मग काय, शनिवार-रविवार वाचत बसलो. ही लाइन २००० पासून चालू आहे आणि फोन उचलणाऱ्यांत निवृत्त पोलिस असतात. त्यांना ‘पंचनामा म्हणजे काय’ इथून सुरुवात करावी लागत नाही. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये १९९६ पासून ‘पोप्पा’ नावाची संस्था आहे. ट्रेनिंग घेतलेले पोलिसच तिथं आपल्या सहकाऱ्यांचं ऐकून घेतात. आणि खरी गोम इथं आहे : ही संस्था पोलिस खात्याच्या बाहेर आहे. तिथं बोललेलं साहेबांच्या टेबलावर जात नाही. यालाच ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात.

जानेवारी २०१८ मध्ये तर अमेरिकेत पोलिसांच्या मानसिक आरोग्यासाठी केंद्रीय कायदाच झाला आणि अशा कामांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. म्हणजे तिथं सगळं छान झालं का? नाही. २०१९ या एकाच वर्षात न्यूयॉर्कच्या दहा पोलिसांनी आपलं आयुष्य संपवलं. पण त्यावर ‘बघा, उपयोग नाही’ म्हणून कुणी दुकान बंद केलं नाही. त्याच वर्षी तिथल्या पोलिस खात्यानं एका मोठ्या हॉस्पिटलबरोबर मोफत, गुप्त समुपदेशनाची नवी सोय सुरू केली. एक दार पुरलं नाही म्हणून दुसरं उघडलं.

‘हे सगळं फॉरेनचं, आपल्याकडे चालणार नाही’ असं म्हणत असाल, तर देवनार आठवा. २०१६ मध्ये तिथल्या पोलिस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. त्याला हिरवा कंदील दिला तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी, पण कल्पना कुणाची होती? एका कॉन्स्टेबलची! पोलिसांना काय हवंय, हे पोलिसांनाच बरोबर कळतं. वरच्यांनी फक्त ऐकायचं आणि मागे उभं राहायचं.

मागे उभं राहायचं म्हणजे पैसे द्यायचे, बॉस. २००८ च्या २६/११ नंतर आपण सगळे बुलेटप्रूफ जॅकेटवर तावातावानं बोलत होतो आणि ते बरोबरच होतं. पण ऐकून घेणाऱ्या माणसालाही बजेट लागतं. त्याचं ट्रेनिंग, फोन, त्याला आधार देणारा तज्ज्ञ आणि मुख्य म्हणजे तो ऐकत बसेल तेवढे तास त्याची ड्यूटी करणारा दुसरा माणूस. हा शेवटचा खर्च धरला नाही, तर पीअर सपोर्ट म्हणजे त्याच दमलेल्या माणसाच्या गळ्यात आणखी एक ड्यूटी. शिबिर स्वस्तात होतं, म्हणूनच ते होतं.

यात तुमचा-माझा काय संबंध? नाक्यावरचं बॅरिकेड बघा. त्यावर एखाद्या कंपनीचं नाव असतं. म्हणजे पोलिसांसाठी पैसे द्यायला कंपन्या तयार आहेत, फक्त लोगो दिसला पाहिजे! ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना २०१४ पासून नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात आणि आरोग्य हा त्यातला मान्य विषय आहे. तुमच्यापैकी कुणी सीएसआरच्या मीटिंगमध्ये बसत असेल, तर पुढच्या वेळी बॅरिकेडऐवजी हे सुचवून बघा. लोगो लागणार नाही, हेही आधीच सांगा. सुरुवात त्यातून होईल. कायमची सोय मात्र सरकारच्या बजेटमधूनच व्हायला हवी, कारण कंपनीचा मूड दरवर्षी बदलतो आणि दिग्याची ड्यूटी बदलत नाही.

तोवर? ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मी तो नंबर दिग्याला पाठवला. दोन दिवस नुसतेच ब्लू टिक. तिसऱ्या दिवशी मेसेज आला : ‘फोन केला. बाई बऱ्या बोलल्या. पण आमच्यातलं कुणी असतं ना, तर अजून बोललो असतो.’

ते ‘आमच्यातलं कुणी’ आहे, दिग्या. तुझ्याच ठाण्यात, पुढच्या टेबलावर. त्यालाही बहुतेक झोप येत नसेल. फक्त त्याला ऐकायला शिकवायचा आणि तेवढा वेळ मोकळा ठेवायचा खर्च अजून कुणी मंजूर केलेला नाही.