सुई टोचा, पण गोळी सोडू नका

कंबरदुखी हा आम्हां कारकुनांचा ठरलेला सोबती. आम्ही अ‍ॅक्युपंक्चरच्या दहा बैठका केल्या. सुया केसासारख्या बारीक. दुखणे बरेच उतरले. पण तेव्हा रोज व्यायामही चालू होता. श्रेय कोणाचे, हे छातीठोकपणे सांगवत नाही. खोट्या सुया टोचूनही पुष्कळांना जवळजवळ तेवढाच आराम पडल्याचे चाचण्यांत दिसले आहे.

ही चिनी विद्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकातून चीनला गेले, त्यातीलच डॉ. बसू यांनी ती १९५९ मध्ये भारतात आणली.

पुढे एका चुंबकवाल्याने आमच्या आईला सांगितले, "पट्टा बांधा, साखरेच्या गोळ्या बंद करा." आम्ही हात जोडले आणि आईला घेऊन घरी आलो. आईच्या गोळ्या चालूच राहिल्या.

कंबरेला सुई चालेल. मधुमेह, रक्तदाब, क्षय यांना औषधच हवे. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते अर्धवट सोडले, तर रोग पुढे औषधाला दाद देत नाही.

सुई घ्याल तर नवीच, पाकीट डोळ्यांसमोर फोडलेली. वापरलेल्या सुईतून काविळीचे विषाणू शिरतात. आणि फी आधी विचारा. पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यात घालू नका.