संध्याकाळ कुणाची?

भोसरीच्या एका वस्तीत आमच्या गटाची बैठक होती. विषय रेशनचा. वेळ नेहमीचीच, संध्याकाळी सहाची. चर्चा रंगली, पण साडेसात होत आले तसे मी म्हटले, "उशीर होतोय, तुमचा स्वयंपाक राहिला असेल." त्यावर एक मैत्रीण हसून म्हणाली, "बसा हो ताई निवांत. पोरगी भाकरी टाकतीय घरी." पोरगी पाचवीत आहे. "गुणाची आहे गं," कुणीतरी म्हणाले. आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आईला संघटनेत येता यावे, चार शब्द बोलता यावेत, यासाठी लागणारा वेळ कुणी दिला? नवऱ्याने नाही, सासूने नाही, सरकारने तर नाहीच. तो दिला दहा वर्षांच्या मुलीने, आपल्या खेळण्याच्या वेळेतून. आणि तिला आम्ही विचारलेही नव्हते.

शाळा सुटल्यावर मुलांसोबत निवांत वेळ घालवावा, हा उपदेश आजकाल सगळीकडे ऐकू येतो. शाळेच्या पालकसभेत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, समुपदेशकांच्या भाषणांत. मुलांना बागेत न्या, गोष्ट सांगा, एकत्र जेवा, दिवसभरात काय झाले ते विचारा, हातातला मोबाईल काढून घ्या. यातले काहीच चुकीचे नाही. पण पालकसभेला समोर बसलेल्या असतात त्या बहुतेक आयाच, आणि उपदेश होतो तोही त्यांनाच. म्हणजे मुलांचा विसावा हेदेखील बाईचे आणखी एक काम होऊन बसते. धुणे, भांडी, स्वयंपाक, पाणी आणि त्यात आता 'निवांतपणा'! तो जमला नाही तर अपराधी वाटून घ्यायचे तेही तिनेच.

आपल्या पट्ट्यातली संध्याकाळ कशी असते ते जरा पाहू. १९५०च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६०च्या दशकात एमआयडीसीबरोबर मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि २००० नंतर चाकणच्या माळावर देशी-परदेशी मोटार कंपन्यांची रांग लागली. या सगळ्या काळात इथले घड्याळ कारखान्याच्या भोंग्यावर चालत आले आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. दुसऱ्या पाळीचा बाप मूल शाळेतून येण्याआधी घराबाहेर पडतो आणि ते झोपल्यावर परततो. रात्रपाळीच्या बापाची झोप मोडू नये म्हणून एका खोलीच्या घरात मुलांना दिवसभर "गप बसा" ऐकावे लागते. भोसरी-पिंपरीच्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तर शाळेला रविवारी. एकाच घरातल्या माणसांची सुट्टी आठवड्यात एकदाही जुळत नाही.

छोट्या पुरवठादार वर्कशॉपमध्ये कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांचे तर विचारूच नका. आठ तासांचे बारा कधी होतात ते कळत नाही. चाकणच्या बाजूला एकेका ओळीत दहा-पंधरा खोल्या बांधून त्या भाड्याने दिल्या जातात. दारासमोर अंगण नाही, पुढे रस्ता, आणि रस्त्यावर कंटेनरची रीघ. तिथे मूल खेळणार कुठे? आई येईपर्यंत दाराला आतून कडी लावून, हातात मोबाईल घेऊन बसणे हाच त्याचा विसावा. त्या आईला "मोबाईल देऊ नका" म्हणून सांगणाऱ्याने मुलाच्या हातात दुसरे काय द्यायचे, तेही सांगावे.

आणि पाणी. २०१९च्या नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. मोठ्या सोसायट्यांत टाक्या असतात, त्यांना फारसे कळतही नाही. वस्तीतल्या घरात मात्र पाणी यायची वेळ हीच घराची वेळ. नळाला पाणी आले की खेळ मोडतो. कुणाचा? भावाचा क्रिकेटचा डाव बहुधा चालूच राहतो. हाक येते ती बहिणीला.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभरात वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी जाणारा वेळ २०१९ मध्ये होता २९९ मिनिटे, आणि असे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. २०२४ मध्ये बाईचा वेळ झाला २८९ मिनिटे आणि पुरुषाचा ८८. पाच वर्षांत बाईची १० मिनिटे वाचली, तर पुरुषाचीही ९ वाचली! त्यातही २०१९च्या पाहणीनुसार असे काम दिवसभरात थोडेदेखील करणारे पुरुष शंभरात २६, तर स्त्रिया ८१. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही मोजणी वयाच्या सहाव्या वर्षापासून सुरू होते. आकड्यांतल्या 'स्त्रिया' म्हणजे केवळ आपण नव्हे, भाकरी टाकणारी ती मुलगीही त्यात आहे.

सहा वर्षांचाच आकडा कायद्यात वेगळ्या अर्थाने येतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे केले, पण ते सहा वर्षांखालील मुलांसाठी. २०२०च्या नव्या कामगार संहितेतही पाळणाघराची मर्यादा सहा वर्षांचीच आहे. पाळणाघरे प्रत्यक्षात किती चालतात हा वेगळा भांडणाचा विषय. पण कागदावरसुद्धा मूल सहा वर्षांचे झाले की कारखान्याच्या लेखी त्याचा प्रश्न संपतो. शाळेत जाते ना, मग झाले! शाळा दुपारी सुटते की संध्याकाळी, आणि सुटल्यानंतर आई येईपर्यंतच्या तासांचे काय, हे कुणीच विचारलेले नाही. ती पोकळी मोठी बहीण भरून काढते. तिच्या श्रमावर कारखान्याची दुसरी पाळी चालते, आणि तिची नोंद कुठल्याही मस्टरवर नसते.

मुलीचा खेळ एरवीही उसना असतो. लंगडी, सागरगोटे, जिबली, डबा ऐसपैस हे सारे 'लहान आहे तोवर'. पाळी सुरू झाली की मैदान बंद. "आता मोठी झालीस, शोभतं का?" मोठ्या बायकांना खेळायची मुभा मिळते ती सणाच्या आडोशाने. नागपंचमीचा झोका, मंगळागौरीची फुगडी, भोंडल्याचा फेर. देवाचे निमित्त असेल तर बाईने खेळावे, नुसतीच मजा म्हणून खेळू नये! मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहून हाच प्रश्न शहराच्या रस्त्यांबाबत विचारला होता. काहीही काम नसताना, नुसते रेंगाळण्यासाठी बाईला बाहेर पडता येते का? आपल्या निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा घराजवळच्या बागेत संध्याकाळी जाऊन पाहा. बाकांवर कोण बसले आहे आणि मुलांच्या मागे कोण धावते आहे, हे मोजायला पाहणीची गरज पडणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बारा तास राबून, वाहनांच्या गर्दीत तास-दीड तास अडकून घरी आलेल्या पुरुषालाही विसावा नको का? जरूर हवा. त्याच्याशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते घरातल्या एकाचा विसावा दुसरीच्या श्रमावर उभा असण्याशी. पहिल्या पाळीचा बाप दुपारी चार-साडेचारला मोकळा होतो. तो टपरीवर थांबला तर कुणी काही म्हणत नाही. तोच मुलीची वेणी घालताना, मुलाचा गृहपाठ घेताना दिसला की शेजारी हसतात. आमच्या वस्तीत एक वडील दर गुरुवारी दोन्ही लेकींना घेऊन फिरायला जातात. "बायको कामाला अन् हे पोरी सांभाळायला," असे लोक म्हणत. लेकींना विचारा, आठवड्यातला आवडता वार कुठला. दोघी एका सुरात सांगतील, गुरुवार.

पण प्रश्न घरातल्या समजूतदारपणावर सोडून भागणार नाही. कामगारांना रविवारची सुट्टी काही मालकांच्या समजूतदारपणाने मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या वर्षीच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. विसावा हा हक्क आहे आणि तो संघटनेने मिळवावा लागतो, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच शिकले. फक्त तो हक्क घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. चुलीला रविवार नव्हता आणि गुरुवारही नाही.

मग मागायचे काय? महापालिकेच्या शाळांच्या इमारती आणि मैदाने आपल्याच पैशातून झालेली आहेत. शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत ती वस्तीतल्या मुलांसाठी उघडी ठेवावीत. तिथे ताई-दादा असावेत, त्यांना मानधन नव्हे, पगार असावा. सेवा म्हणून पुन्हा बायकांच्याच गळ्यात हे काम घालू नये. हे काही स्वप्नरंजन नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर १९४१ पासून मुलेमुली एकत्र खेळत आली. पुण्यात सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनाने १९८५ पासून शाळेनंतरच्या तासांचे मोल दाखवून दिले. मग भोसरी, मोशी, म्हाळुंगे, कुरुळीच्या मुलांना ते का नको? बागांत दिवे आणि स्वच्छतागृहे हवीत. पाण्याची वेळ ठरवताना बायकांना विचारायला हवे. आणि पाळणाघराच्या कायद्यातली सहा वर्षांची मर्यादा वाढवून शाळेनंतरच्या काळजीची जबाबदारी कारखान्यांवरही टाकायला हवी. कामगार युनियनच्या मागणीपत्रकात हे कलम आजवर का आले नाही, हेही आपण विचारले पाहिजे.

आता आपल्याबद्दल. पुढच्या बैठकीला आम्ही मुलींनाही बोलावले आणि विचारले, "रोज एक तास फक्त तुमचा मिळाला तर काय कराल?" आम्हाला वाटले होते, नाच शिकू, खेळू, वाचू असे सांगतील. काहींनी सांगितलेही. ती भाकरी टाकणारी मुलगी मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काय नाय. नुसतं बसायचं."

आम्ही बैठकीची वेळ बदलली नाही, कारण बायकांना दुसरी वेळच नाही. पण दोन गोष्टी ठरवल्या. बैठकीच्या दिवशी ज्यांची पाळी नसेल त्या पुरुषांनी घरी स्वयंपाक करायचा, आणि हे प्रत्येकीने घरी जाऊन सांगायचे. मुलींनी बैठकीच्या जागेशेजारी येऊन खेळायचे, नाहीतर नुसते बसायचे. तिघींच्या घरी भांडणे झाली. एकीच्या घरी पिठले-भात झाला, करपलेला, पण झाला. बाकीच्या घरी अजून मुलीच भाकरी टाकतात. एवढीच आमची प्रगती.

तुमच्या गटाची बैठक किती वाजता असते? त्या वेळी तुमच्या घरची चूल कोण सांभाळते? पुढच्या बैठकीत आधी एवढ्यावरच बोला, आणि काय निघाले ते आम्हाला जरूर लिहून कळवा.