त्यांची पवित्रता, आपली फूटपट्टी

ख्रिस्ती लोकांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. "पवित्र आत्मा, पवित्र ग्रंथ, पवित्र भोजन, सगळे पवित्रच, पण माणसांत काही दिसते का?" हे मी जळगावात ऐकले, धुळ्यात ऐकले. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीत, अशा एका साहेबांच्या तोंडून ऐकले ज्यांनी मुलीच्या प्रवेशासाठी कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकापाशी पहाटे पाचला नंबर लावला होता. पाळकांबद्दल तर विचारूच नका. "पगारी लोक आहेत, बाहेरचा पैसा येतो," एवढे म्हटले की आपली चर्चा संपते.

प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. झाडाची ओळख फळावरून होते ही कसोटी हजरत ईसा (अलै.) यांच्या नावाने इंजीलमध्येच आहे, आणि तीही खोट्या उपदेशकांपासून सावध करण्यासाठी. म्हणजे पाळकांची परीक्षा घ्यायला त्यांच्या ग्रंथानेच परवानगी दिलेली आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. पवित्रता दिसते. फक्त आपण जिथे पाहतो तिथे ती कमी असते, आणि ज्या फूटपट्टीने आपण ती मोजतो, ती फूटपट्टी स्वतःच्या मोहल्ल्यात काढायला आपण तयार नसतो.

कुरआनात ख्रिस्ती धर्मगुरूंबद्दल दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी येतात. आपले वक्ते सोयीप्रमाणे त्यातली एकच सांगतात. सूरह माइदाच्या ८२व्या आयतीत ख्रिस्ती लोक आपुलकीच्या नात्याने मुसलमानांना सर्वांत जवळचे म्हटले आहेत, आणि कारणही दिले आहे: त्यांच्यात विद्वान आणि संन्यासी आहेत आणि ते गर्व करत नाहीत. सूरह तौबाच्या ३४व्या आयतीत सांगितले आहे की धर्मपंडित आणि संन्यासी यांच्यातले पुष्कळ जण लोकांचा माल नाहक खातात. 'पुष्कळ' म्हटले आहे, 'सगळे' म्हटलेले नाही. दोन्ही आयती शेजारी ठेवून वाचा. झग्याचा रंग, आवाजातला कंप, मिटलेले डोळे यांचा कुठे उल्लेख नाही. बोट ठेवले आहे ते दोन जागी, गर्वावर आणि पैशावर.

भाषेचा मास्तर असल्यामुळे शब्दापाशी जरा थांबतो. उर्दूत आपण 'मुकद्दस' म्हणतो. अल-कुद्दूस, बैतुल मुकद्दस, रूहुल कुदुस हे सगळे त्याच धातूचे शब्द. हिब्रूतला 'कादोश' त्याचा सख्खा भाऊ. देवासाठी वेगळे काढून ठेवलेले, असा त्यात भाव आहे. मराठीत 'पवित्र' म्हटले की मनात त्याच्या शेजारी 'सोवळे' येऊन बसते, आणि सोवळे म्हणजे कशालाही न शिवणे. आपण मुसलमान असलो तरी याच मातीत वाढलो. त्यामुळे पवित्र माणूस म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला, हळू बोलणारा, कशाचा डाग न लागलेला, अशी एक तसबीर आपल्याही डोक्यात पक्की झाली आहे. पुढची गोष्ट त्या तसबिरीच्या अगदी उलट आहे.

पंडिता रमाबाईंनी हा प्रश्न स्वतःच्या डोळ्यांनी तपासला होता. त्यांच्या घरी पुराण सांगून पोट भरले जाई. वडिलांबरोबर गावोगाव फिरून त्यांनी हजारो श्लोक पाठ केले होते. नुसत्या वाणीने भुलणारी ती बाई नव्हती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या जोगिणींकडे राहिल्या. त्या जोगिणींचे लंडनमध्ये फुलहॅम इथे एक घर होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत. रमाबाईंनी पाहिले की आपल्याकडे ज्यांना दारात उभे करत नाहीत त्या इथे माणूस म्हणून वागवल्या जातात, आणि स्वतः उभ्या राहून आजाऱ्यांची सेवा करतात. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना हजरत ईसा आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आधी काम दिसले, मग वचन ऐकले. हा क्रम त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत सांगितला आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. ज्यांच्याकडे पवित्रता पाहिली त्यांच्याशीच रमाबाई वर्षानुवर्षे भांडल्या. चर्चच्या अधिकाऱ्यांचे निमूटपणे ऐकावे ही अपेक्षा त्यांनी मानली नाही. ज्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली, तो गळ्यात का घालू, लॅटिनपेक्षा संस्कृत का नको, इथपर्यंत वाद गेला. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात बायकांशी कसे वागतात याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिले. राज्य त्यांच्याच धर्माच्या लोकांचे होते, तरी लिहिले. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात टाकलेल्या मुली गोळा केल्या, आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ही बाई सोवळ्यातली नव्हती. प्लेग, दुष्काळ, बदनाम बायका, सगळ्यांना शिवली.

आता पैशाची बाजू. नारायण वामन टिळकांचे नाव शाळेच्या कवितेमुळे सगळ्यांना माहीत असते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याआधी दोन वर्षे आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी अदबीने गप्पा मारल्या आणि नव्या कराराची एक प्रत दिली, तिथून सुरुवात झाली. तो प्रवासी कोण होता हे टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याच्यामुळे मराठीला एवढा मोठा ख्रिस्ती कवी मिळाला त्याच्या नावाची पाटी कुठल्याही चर्चवर नाही. टिळकांनी पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षे काम केले. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' काढला. पगारी उपदेशकाचे बोलणे लोक पगाराच्या खात्यात मांडतात, हे त्यांना पुरते कळले असावे. आपण आज पाळकांवर जो आक्षेप घेतो तो त्यांच्यातल्याच एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी स्वतःवर घेतला आणि उत्तर म्हणून स्वतःचे उत्पन्न सोडले. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. मागे लक्ष्मीबाईंनी संसार कसा ओढला ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे. नवऱ्याच्या पवित्रतेची किंमत बायको कशी मोजते, हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

खान्देशात या. इथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतली मंडळे आली. जळगाव-भुसावळकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, धुळे-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. १९९८ पर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होते. माझ्या बीएडच्या वर्गात तिकडचा एक मावची मुलगा होता, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. एकदा मी त्याला सरळच विचारले की तुमच्या लोकांत नेमके काय बदलले. तो म्हणाला, आजोबांना वाचता येत नव्हते, एक वचन धड पाठ नव्हते. पण मोहाची सुटली. गावाने त्यांचा बाप्तिस्मा पाहिला नाही. बाजारच्या दिवशी म्हातारा सरळ चालत घरी येतो, हे पाहिले. दुकानदाराकडची उधारी फिटली, गहाण पडलेले शेत सुटले. हेच सांगता सांगता तो हसून म्हणाला की आता गावात दोन प्रार्थनाघरे आहेत, कारण हार्मोनियम आणि दानपेटी कोणाच्या घरी ठेवायची यावरून दोन पाळकांचे फाटले. एकाच गावात, एकाच श्रद्धेत दोन्ही. मला त्याचे बोलणे खरे वाटले ते यामुळेच.

माझ्या एका खालांच्या पायाला साखरेची जखम होती. आठवड्यातून दोनदा मिशनच्या एका दवाखान्यात पट्टी बदलायला न्यावे लागे. जखमेला इतका वास येई की आम्ही घरचे खिडकीपाशी जाऊन उभे राहायचो. तिथल्या नर्सबाई स्टुलावर बसत, पाय मांडीवर घेत आणि खालांशी भाजीच्या भावाबद्दल बोलत. पाच महिन्यांत त्यांनी ईसांचे नाव काढले नाही. शेवटी खालांनीच विचारले, "तुम्ही दुवा काय करता हो?" तेव्हा सांगितले, तेही दोन वाक्यांत.

अशा माणसांबद्दल कोणी म्हणाले की "हे खरे ख्रिस्ती नाहीत, तांदळासाठी झालेत," तर मुसलमानाने जरा कान टवकारावेत. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांतले आपले तडवी बांधव भिल्ल आहेत आणि मुसलमानही आहेत. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, ही मागणी अधूनमधून जोर धरते. तिच्यात मावची ख्रिस्ती आणि तडवी मुसलमान एकाच ओळीत उभे असतात. दोघांनाही विचारले जाणार ते हेच, की तुमची श्रद्धा खरी कशावरून? आज आपण त्यांच्या श्रद्धेचा दाखला मागितला तर उद्या आपल्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणता येईल?

म्हणजे सगळे गोड आहे असे मी म्हणत नाही. रवी झकारियस हे चेन्नईत जन्मलेले आणि अमेरिकेतून जगभर फिरणारे उपदेशक होते. बुद्धिवंतांपुढे ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा त्यांच्यासारखा वक्ता नाही, असे लाखो लोक मानत. २०२० मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या संस्थेने नेमलेल्या चौकशीत त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. एका स्त्रीने आधीच तक्रार केली होती आणि संस्थेने तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. अमेरिकेतल्या बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतातही २००२ मध्ये तेच बाहेर आले. मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना वरिष्ठ एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत राहिले होते. या दोन्ही प्रकरणांत मला पापापेक्षा झाकणे जास्त छळते. आणि झाकले कशासाठी? लोकांना उपदेशक पवित्र दिसला पाहिजे, म्हणून. 'माणसांत काही दिसते का' या हट्टाचे हे दुसरे टोक आहे. दिसलेच पाहिजे म्हटले की दाखवणारे तयार होतात, आणि दाखवणाऱ्यांना सांभाळणारी कमिटीही तयार होते.

आपल्याकडे याला 'रिया' म्हणतात आणि त्यावर जुम्याचे खुतबे होतात. तरी आपण इमाम कसा निवडतो? दाढी किती, किरअत कशी, पायजमा घोट्याच्या वर आहे की नाही. पगार इतका की त्यात दोन मुलांचे दूधही भागू नये. मग तोच माणूस घरोघरी फातिहाला, ताविजाला फिरू लागला की आपणच म्हणतो, मौलानांना पैशाची चटक लागली. पाळकाला 'पगारी' म्हणून हिणवणाऱ्यांनी आपल्या इमामाच्या पगाराचा आकडा एकदा मोठ्याने वाचून पाहावा. वक्फच्या जमिनी कोणाच्या नावावर गेल्या ते विचारत बसत नाही. मिशनचे जुने बंगले कसे विकले गेले यावर त्यांच्यातले जुने लोक जसे गप्प होतात, तसे आपलेही होतात.

सूरह आले इम्रानमध्ये ग्रंथधारकांबद्दल एक अगदी व्यवहारातली गोष्ट आली आहे. त्यांच्यात कोणी असा आहे की सोन्याचा ढीग ठेवायला दिला तरी परत करील, आणि कोणी असा की एक दीनारही तगादा लावल्याशिवाय देणार नाही. नजरानचे ख्रिस्ती लोक मदीन्याला प्रेषितांकडे (स.) आले होते, ती हदीस यासोबत वाचण्यासारखी आहे. त्यांनी जाताना एकच मागणी केली, आमच्यासोबत एक अमीन माणूस पाठवा. अमीन म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकता येईल असा. सहाबा एकमेकांकडे पाहू लागले, प्रत्येकाला वाटत होते आपले नाव यावे. प्रेषितांनी अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांना पाठवले. परक्या धर्माच्या लोकांना आपल्यात काय दिसायला हवे होते, ते त्यांनी स्वतःच सांगितले होते.

गेल्या रमजानात तरावीहनंतर चहा पिताना मी दोघा मित्रांना विचारले, आज नजरानचे लोक जळगावात आले तर कोणाला पाठवायचे? कप रिकामे झाले तरी कोणी बोलेना. मग एकाने नाव घेतले ते कमिटीवरच्या कोणाचे नव्हते. स्टेशनबाहेर रिक्षा चालवणाऱ्या एका चाचांचे होते. मोहल्ल्यातल्या बायका भिशीचे पैसे त्यांच्याकडे ठेवतात. दुसरा बराच विचार करून म्हणाला, "तुझ्या खालांच्या त्या नर्सबाई." ती तर त्यांच्याचकडची, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "असू दे की, हिशेब नीट ठेवील," आणि चहावाल्याला अजून तीन सांगितले.