जहाज गोव्याचे, आराखड्यातील ज्ञान कोणाचे?

वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये २३ जुलै २०२४ रोजी ‘त्रिपुट’ आणि २२ मार्च २०२५ रोजी ‘तवस्य’ या युद्धनौकांचे जलावतरण झाले. दोन्ही नौकांचा मूळ आराखडा रशियाचा. तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या आधारे बांधणी गोव्यात. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. तेव्हापासून चर्चा गोदी, क्रेन आणि रोजगार यांची होते. आराखड्यातील ज्ञान कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा ठरण्याचे कारण संगणकीय आराखड्याच्या बदललेल्या स्वरूपात आहे. पूर्वी आराखडा म्हणजे कागदावरील रेषा. ज्ञानाधारित अभियांत्रिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भाग हा ‘डेटा ऑब्जेक्ट’ असतो. बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या पोटातील जलरोधक पोलादी भिंत, घ्या. तिच्या ऑब्जेक्टमध्ये जाडी, पोलादाचा दर्जा आणि वजन यांची नोंद असतेच. शिवाय ती कोणत्या फ्रेमवर उभी आहे, तिला कोणत्या पट्ट्या आधार देतात आणि जाडी कोणत्या सूत्राने ठरली, हेही त्यात गुंफलेले असते. ती एक फ्रेम पुढे सरकवली, की तिच्यावर अवलंबून असलेले भाग नव्याने आखले जातात आणि वजनाचा, गुरुत्वमध्याचा हिशेब बदलतो. जे काम ड्राफ्ट्समनला अनेक कागदांवर खोडून पुन्हा काढावे लागे, ते थोड्या वेळात होते.

या वेगाची किंमतही आहे. जाडीचे सूत्र वर्गीकरण संस्थेच्या नियमांवरून घेतलेले असते आणि हे नियम वेळोवेळी सुधारले जातात. सूत्र जुनेच राहिले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर चूक एका कागदापुरती न राहता त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक जहाजात शिरते. म्हणून सूत्र कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले, याची नोंद ऑब्जेक्टसोबतच हवी. सूत्र बंदिस्त असेल आणि ते उघडण्याचा अधिकार केवळ परदेशी विक्रेत्याकडे असेल, तर यार्ड आराखड्याचा वापरकर्ता उरतो, धनी नव्हे.

दुसरा मुद्दा आयुष्याचा. युद्धनौका सुमारे तीस वर्षे सेवेत असते. सॉफ्टवेअरची आवृत्ती इतकी टिकत नाही. पुढे दुरुस्तीच्या वेळी जुनी फाईल उघडलीच नाही, तर जहाज पुन्हा मोजण्यावाचून गत्यंतर नसते. माहिती कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून नसलेल्या स्वरूपात ठेवता यावी, यासाठी ‘आयएसओ १०३०३’ हे आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात आहे. संरक्षणाच्या गोपनीयतेला त्यामुळे बाधा येत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधल्या जाणाऱ्या स्कॉर्पिन पाणबुड्यांची हजारो पानांची माहिती फुटल्याचे ऑगस्ट २०१६ मध्ये उघड झाले; तिजोरी भक्कम हवी, हा त्याचा धडा. पण तिजोरीची किल्लीही आपल्याच हाती हवी.

गोव्यासाठी यात संधी आहे. मार्च २०२३ च्या करारानुसार नौदलाच्या अकरा नव्या गस्ती नौकांपैकी सात गोवा शिपयार्ड बांधणार असून त्यांचा आराखडा देशी आहे. एकाच वर्गाच्या सात नौका म्हणजे पहिल्या नौकेतील अनुभव पुढच्या सहांच्या सूत्रांत उतरवण्याची सोय. वेल्डिंगनंतर पत्रा किती आकसतो, अरुंद जागेत पाइप कुठून नेल्यास दुरुस्ती सुलभ होते, हे जुन्या कारागिरांना हाताने ठाऊक असते. ते निवृत्त होण्यापूर्वी हे ज्ञान नियमांत नोंदवणारी माणसे लागतील. जहाज आणि संगणक दोन्ही जाणणारे असे तरुण राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून घडवता येतील.

केंद्राचा निधी यार्डांपर्यंत पोहोचताना आराखड्याची सूत्रे, त्यांचा इतिहास आणि वाचनीय प्रत यार्डाच्या स्वाधीन असावी, अशी अट खरेदी करारांत घालता येईल. राज्य सरकारने आणि लोकप्रतिनिधींनी तिचा आग्रह धरायला हवा. ती नसेल, तर जहाजे गोव्यात बांधली जातील आणि त्यांतील बदलासाठी परवानगी मात्र दुसऱ्याकडे मागावी लागेल.