मालक, नायिका आणि बडतर्फ नायक

येथील एका सभेत गेल्या आठवड्यात बोलपटांच्या आरंभकाळाचा विषय निघाला असता, देविकाराणी आणि नज्मुल हसन यांच्या पलायनाची कथा एका वक्त्याने चवीने सांगितली व श्रोते पोटभर हसले, याचे मला अद्याप वाईट वाटते.

हकीकत एवढीच. हिमांशू राय यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज स्थापन केली. कंपनीच्या नायिका त्यांच्या पत्नी देविकाराणीच. १९३५ च्या 'जवानी की हवा'तील त्यांचे नायक हसन 'जीवन नैया'च्या वेळी त्यांच्यासह निघून गेले. कंपनीतील शशधर मुखर्जींच्या मध्यस्थीने देविकाराणी परतल्या, हसन बडतर्फ झाले आणि प्रयोगशाळेतील अशोककुमारांना नायक व्हावे लागले. १९३६ सालीच 'अछूत कन्या'ने ही नवी जोडी सर्वतोमुखी केली.

या प्रकारास प्रणयातील चढाओढ म्हणणे मला मान्य नाही. ज्याच्या हाती करारनामे, दप्तर आणि तिजोरी, तो पती. आणि ज्याचा मुशाहिरा त्याच तिजोरीतून निघायचा, तो प्रियकर. अशा दोघांत बरोबरीचा सामना कसा होणार? देविकाराणींचे परतणे पत्नीचे की नायिकेचे, हेही त्या कंपनीत निराळे काढता येण्याजोगे नव्हते, कारण त्यांच्याविना पडद्यावर फारसे काही उरत नव्हते. त्यांच्या मनाचा विचार त्या हसणाऱ्यांपैकी कोणी केला असेल, असे मला वाटत नाही.

बरोबरीचा सामना पाहावा तो आमच्या कुडाळ-नेरूर-वालावलच्या जत्रांत. तेथे दशावतारी नाटकातले दोन राजे एका राजकन्येसाठी रात्रभर तलवारी परजतात. परंतु ती राजकन्या स्त्रीपार्टी करणारा पुरुष नट असतो, आणि आख्यान संपल्यावर पहाटे तिघेही एकाच पेटाऱ्यापाशी रंग पुसत चहा घेतात. बोलपटाने स्त्रीला तिचे स्वतःचे मुख आणि स्वतःचा कंठ घेऊन उभे केले, त्या काळी तर पार्श्वगायन रुळलेले नसल्याने नायक-नायिका स्वतःच गात, ही केवढी मोठी गोष्ट घडली! मात्र त्याचबरोबर तिचे खासगी आयुष्यही कंपनीच्या भांडवलात जमा झाले.

दशावतारातील स्त्रीपार्टीची गोष्ट निघालीच आहे, तर लिखित संहितेवाचून हे नट राजकन्येचा विलाप ऐन वेळी कसा रचतात आणि पखवाज त्यांना कसा सांभाळून घेतो, याविषयी पुष्कळ दिवस लिहायचे राहिले आहे. ते पुढील सदरात.