विटेला बोलते करताना

व्हिडिओ गेमची कथा लघुसंदेशांच्या रूपात विनोदाने पुन्हा लिहिण्याचा प्रकार आता बराच रुळला आहे. डॅनिएल लेव्हरी यांच्या 'टेक्स्ट्स फ्रॉम जेन एअर' (२०१४) या पुस्तकाने अभिजात साहित्यातील पात्रांच्या हाती फोन दिला. गेमचे रसिक तीच गंमत आपल्या लाडक्या नायकांशी करतात. यास साहित्य म्हणावे काय, असे आमचे व्यवसायबंधू विचारतात. आम्हांस दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हा विनोद मूळ कथा नीट वाचतो काय?

'सुपर मारिओ ब्रदर्स'चेच पाहा. शिगेरू मियामोटो यांचा हा गेम निन्टेंडो कंपनीने १९८५ साली आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही तो टीव्हीला जोडून खेळला गेला. आठ जगे, ३२ टप्पे आणि कथा एवढीशी: बाउझरने राजकन्या पळवली, मारिओने तिला सोडवायचे. पहिल्या सात जगांत प्रत्येकी शेवटचा किल्ला सर केला, की एक सेवक आभार मानून सांगतो, राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे. हा निरोप मुळातच लघुसंदेश आहे. उत्तराची सोय तेवढी नाही. ती आपण करून देऊ.

सेवक: आभारी आहोत. राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहेत.
मारिओ: हे सातव्यांदा! आधी कळवता आले नसते?
सेवक: रेंज नव्हती.

गंमत ठीक आहे, पण ती कोणत्याही शोधकथेला चिकटवता येईल. या गेमची स्वतःची गंमत त्याच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत आहे. बाउझरने जादूने प्रजेचे दगड, विटा आणि झुडपे केली, आणि ती जादू उतरवणे एकट्या राजकन्येस शक्य आहे, असे तीत म्हटले आहे. मारिओ तर वाटेतल्या विटा फोडतच धावतो!

वीट: दादा, बेताने. मी इथलीच प्रजा.
मारिओ: क्षमस्व. तुम्हांला सोडवायलाच निघालो आहे.
वीट: माझ्या शेजारणीलाही तसेच वाटत होते.

येथे हसू येते आणि ओठांवरच थिजते. असंख्य खेळणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले या तीन ओळींनी वाचले. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'नंतर विडंबन ही टीकाच असते, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको.

लघुसंदेशाची चौकट आणखी एक काम करते: ती मौन दाखवते. निरोप पोचला, वाचला गेला, उत्तर नाही. ज्या राजकन्येवर सगळ्या प्रजेची मदार, तिला गेममध्ये अगदी शेवटी आभाराचे आणि नवी मोहीम सोपवण्याचे काय ते दोन शब्द मिळतात. खेळताना हे जाणवत नाही. संदेशांच्या रांगेत तिची रिकामी जागा डोळ्यांत भरते.

गेमची मौज उडीत आहे, कथेत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. अवघ्या ४० किलोबाइटच्या त्या गेममध्ये कथेस फारशी जागाही नव्हती. पण म्हणूनच पुस्तिकेतली ती चार वाक्ये कोणीतरी मनावर घ्यावयास हवी होती. विद्यार्थ्यांनी उद्या असे संदेश लिहून आणले, तर ते मराठीत चालतील की नाही याचा काथ्याकूट आम्ही करणार नाही. एवढेच विचारू: मूळ कथेत ज्याला बोलू दिले नव्हते, असा यात कोण बोलला?