बियाण्याचा कायदा आणि नागरिकांचे कर्तव्य

शेतीविषयक कायदा हा सरकार आणि शेतकरी या दोघांमधील व्यवहार आहे, इतरांना त्यात बोलण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात खोलवर रुजलेली आहे. विधेयक संसदेत येते, त्यावर गदारोळ होतो, रस्त्यावर मोर्चे निघतात आणि मग वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा सुरू होते. परंतु कायद्याचे खरे स्वरूप ठरते ते त्याआधी, मसुद्याच्या टप्प्यावर. एखादे पोटकलम, त्यातील एखादा ‘परंतु’, व्याख्येतील एखादा गाळलेला शब्द यांवर हजारो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असते, आणि नेमक्या याच वेळी सामान्य नागरिक गैरहजर असतो. बियाण्यांविषयीच्या कायद्यांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर या गैरहजेरीची किंमत आणि हजेरीचे फळ या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात.

प्रथम बियाण्याचेच महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. जमिनीचा कस राखणारी, पाणी बेताने वापरणारी, रासायनिक खतांवर व औषधांवर कमी विसंबणारी शेती करावयाची, तर त्या त्या मातीला व पाऊसमानाला मानवणारे वाण शेतकऱ्याच्या हाती असावे लागतात. असे वाण केवळ प्रयोगशाळेतच तयार होतात असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातील ‘पटेल-३’ या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी निराळे राखले, पुनःपुन्हा पेरून पारखले, आणि त्यातून ‘एचएमटी’ हा प्रसिद्ध तांदूळ निपजला. तो आधी पसरला तो शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या मूठपसा बियाण्यातून. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली व २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हेही सर्वांना ठाऊक आहे. अशा कामाचा आधार एकच: बी राखण्याचे, पेरण्याचे, देण्याघेण्याचे आणि विकण्याचे स्वातंत्र्य.

हे स्वातंत्र्य शतकानुशतके कोणी लिहून दिलेले नव्हते, कारण ते कोणी हिरावू पाहत नव्हते. परिस्थिती बदलली ती जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर. १९९४ साली झालेल्या करारानुसार सदस्य राष्ट्रांवर वनस्पतींच्या वाणांना संरक्षण देण्याचे बंधन आले. ते पेटंटने द्यावे किंवा स्वतःची स्वतंत्र व परिणामकारक व्यवस्था निर्माण करून द्यावे, एवढी मोकळीक मात्र ठेवलेली होती. या प्रश्नावर शेतकरी चळवळीतच दोन तट पडले. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या नेतृत्वाखालील रयत संघाने डंकेल प्रस्तावाविरुद्ध ‘बीज सत्याग्रह’ पुकारला, तर महाराष्ट्रात शरद जोशी यांनी खुल्या व्यापाराचा व तंत्रज्ञान-स्वातंत्र्याचा पुरस्कार करून त्याच प्रस्तावाचे स्वागत केले. कोणाचे बरोबर होते हा वाद आजही संपलेला नाही. तथापि, त्या वादामुळे एक उपकार झाला. बियाण्याच्या मालकीचा प्रश्न सरकारी कचेरीतून चव्हाट्यावर आला.

डिसेंबर १९९९ मध्ये वाण-संरक्षणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्याचा मुख्य रोख नवे वाण निर्माण करणाऱ्यांच्या हक्कांवर होता. शेतकऱ्याच्या हक्काला त्यात दुय्यम स्थान होते. स्वयंसेवी संस्था, कृषिशास्त्रज्ञ व शेतकरी संघटना यांनी यावर आक्षेप घेतला. विधेयक साहिबसिंग वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले. समितीने निरनिराळ्या पक्षांचे म्हणणे ऐकून ऑगस्ट २००० मध्ये अहवाल दिला, आणि २००१ साली संमत झालेल्या ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्या’त शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी एक संपूर्ण प्रकरण आले. कायद्याच्या नावातच ‘शेतकरी हक्क’ हे शब्द असावेत, ही साधी गोष्ट नव्हे. त्यातील कलम ३९ अन्वये संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्याला पूर्वीप्रमाणेच आहे. ते नाममुद्रा लावून विकता येणार नाही, एवढीच मर्यादा.

या एका कलमाची किंमत अठरा वर्षांनी कळली. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने वेफर्ससाठी वापरल्या जाणाऱ्या आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणाची लागवड केली म्हणून गुजरातमधील शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले. काही शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक नुकसानभरपाई मागितली गेली. चार-पाच एकरांच्या धन्याला ही रक्कम सात जन्मांत फेडता आली नसती. परंतु कलम ३९ पुस्तकात होते. ते वाचलेले लोक पुढे आले, देशभरातून निषेध झाला, राज्य सरकारने मध्यस्थी केली आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाची नोंदणी पुढे डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने रद्द केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निर्णय कंपनीच्या बाजूने फिरविला, हेही सांगितले पाहिजे. तो वाद अर्जातील तपशिलांचा व कागदपत्रांचा होता. कलम ३९ मात्र जागच्या जागी आहे. लढा एकदा जिंकून संपत नाही, एवढाच त्याचा बोध.

नागरिकांचे म्हणणे ऐकल्याने कारभार अडतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. अनुभव निराळा आहे. बीटी वांग्याच्या प्रश्नावर २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. सभा वादळी झाल्या, परंतु ९ फेब्रुवारी रोजी स्थगितीचा निर्णय कारणांसह जाहीर झाला. त्याच्या उलट उदाहरण २०२० च्या तीन कृषी कायद्यांचे. जूनमध्ये वटहुकूम निघाले आणि सप्टेंबरात संसदीय समितीकडे न पाठवता विधेयके संमत झाली. पुढे दिल्लीच्या सीमांवर वर्षभराहून अधिक काळ शेतकरी बसून राहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे रद्द करावे लागले. त्या कायद्यांच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. चर्चेचे काही महिने वाचविण्याच्या खटपटीत संपूर्ण सुधारणाच गमावली, याविषयी मात्र मतभेद होण्याचे कारण नाही.

या पार्श्वभूमीवर नव्या बियाणे विधेयकाच्या मसुद्याकडे पाहिले पाहिजे. १९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेऊ पाहणारे विधेयक २००४ साली राज्यसभेत मांडले गेले होते; ते वर्षानुवर्षे रखडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नवा मसुदा प्रसिद्ध करून ११ डिसेंबरपर्यंत सूचना मागविल्या. विक्रीच्या वाणांची सक्तीची नोंदणी आणि पिशवीवरील खुणेवरून बियाण्याचा माग काढण्याची सोय हे त्याचे विशेष. बोगस बियाण्याचे दुखणे खरे आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाडा-विदर्भातून तक्रारींचा पाऊस पडला होता. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याने सोसले तोच जाणतो. तेव्हा कडक कायदा हवाच. परंतु बियाणे फसले तर भरपाई तालुक्याच्या ठिकाणी मिळणार, की शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावयाची? एकट्या शेतकऱ्याला जी सूट, तीच गावच्या बियाणे बँकेला व महिला बचत गटाला मिळणार, की त्यांची गणना व्यापाऱ्यांत होणार? असे प्रश्न त्या मसुद्यावर उपस्थित झाले, आणि ते अत्यंत रास्त होते. या विषयावर पुढे जो कोणता कायदा वा नियम येईल, तो याच कसोट्यांवर घासून पाहावा लागेल.

येथे सुशिक्षितांचे कर्तव्य सुरू होते. विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस जनतेपुढे ठेवावा आणि सोप्या भाषेतील टिपण जोडावे, असे धोरण केंद्र सरकारने २०१४ सालीच स्वीकारले आहे. पण २०२५ च्या मसुद्यासाठी जो सुमारे महिनाभराचा अवधी मिळाला, तो आपल्याकडे कापूस वेचणीचा व रब्बीच्या पेरणीचा. शेतात राबणाऱ्याने कायद्याची इंग्रजी कलमे केव्हा वाचावीत? ती वाचण्याचे काम ज्याला भाषा येते त्याने करावयाचे आहे. गावच्या शिक्षकाला मसुद्याचा मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखविता येईल. कचेरीतल्या कारकुनाला अर्ज कसा लिहावा व त्याची पोच कशी घ्यावी हे दुसऱ्या कोणाहूनही चांगले ठाऊक असते. कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यातील बियाण्यांच्या तक्रारी गोळा करून खासदाराला सादर करता येतील. राज्यघटनेने शेती हा विषय राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. म्हणून आमदारालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. आणि सरकारने, मसुदा मराठीत उपलब्ध होईपर्यंत सूचनांची मुदत सुरूच झाली नाही असे मानले पाहिजे. ही मागणी कोणत्याही पक्षाला नाकारता येण्याजोगी नाही.

मोर्चा हा लोकशाहीतला अखेरचा उपाय आहे. पोस्टाचे तिकीट लावलेले पत्र हा पहिला. बियाणे पेरणीपूर्वी पारखावे लागते, उगवून आल्यावर पारखून उपयोग नसतो. कायद्याचेही तसेच आहे.